क्वार्क फुटतो तेव्हा: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काय करायचं आहे ते आधी स्वच्छ लिहून ठेवते. भरपूर ऊर्जेचा क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात तो कण) किंवा ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारा कण) न्यूक्लियसच्या आतून जाताना फुटतो, म्हणजे एकाचे दोन होतात. निर्वातात हे कसं होतं ते १९७७ मध्ये अल्तारेल्ली आणि पारिसी यांनी मांडलं आणि आता ते पाठ्यपुस्तकात आहे. क्वार्कने सोडलेला ग्लुऑन ऊर्जेचा क्ष इतका वाटा घेऊन गेला, तर त्याची शक्यता (१ + (१ − क्ष)²) भागिले क्ष या प्रमाणात जाते. आडव्या संवेगात, म्हणजे मूळ दिशेला काटकोनातल्या संवेगात, ती संवेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. रंगाचा (विद्युतभारासारख्याच रंगभाराचा) गुणक क्वार्कसाठी ४/३, ग्लुऑनसाठी ३.

मला हवं आहे ते द्रव्यातलं फुटणं. वाटेत न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, आहेत, त्यांच्यातले ग्लुऑन धक्के देतात आणि फुटण्याची क्रिया मध्येच डहुळते. मऊ ग्लुऑनसाठी, म्हणजे क्ष फार लहान असताना, हे गणित दोन दशकांहून जुनं आहे. क्ष कितीही असला तरी चालेल असं कर्नल, म्हणजे फुटण्याची शक्यता सांगणारं सूत्र, ओवनेस्यान आणि वितेव यांनी २०११ मध्ये दिलं. ते पहिल्या क्रमाचं आहे, म्हणजे वाटेत एकच परिणामकारक धक्का धरून केलेलं. ते सूत्र नुसतं उतरवून घ्यायचं नाही. प्रत्येक पद कुठून आलं ते हाताने करून बघायचं आणि मगच कोडमध्ये टाकायचं, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमशी बोलून ठरवलं.

खुणा: आडवा संवेग स, द्रव्याकडून मिळालेला धक्का ध, ग्लुऑनचा वाटा क्ष. वहीतही याच खुणा वापरते आहे, म्हणजे पुढे गोंधळ नको.

९ जानेवारी

घडणीच्या काळाचे आकडे काढले. ग्लुऑन क्वार्कपासून वेगळा झाला असं म्हणायला वेळ लागतो. दोघांच्या लहरी एकमेकींपासून सुटेपर्यंत तो क्वार्कचाच भाग असतो. हा काळ २·क्ष(१ − क्ष)·ऊर्जा भागिले स² इतका.

२० जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) क्वार्क, क्ष ०.१, स ०.३ जीईव्ही घेतला तर उत्तर ४० येतं, एकक व्यस्त जीईव्ही. त्याला ०.१९७३ ने गुणलं की ७.९ फर्मी (एक फर्मी म्हणजे १० चा −१५ वा घात मीटर). स १ जीईव्ही केला की तोच काळ ०.७१ फर्मी. आणि शिशाच्या न्यूक्लियसची त्रिज्या आहे सुमारे ७.१ फर्मी.

हे तीन आकडे मी मॉनिटरखाली चिकटवून ठेवले आहेत. एकाच क्वार्कचे काही ग्लुऑन न्यूक्लियसच्या आत घडून मोकळे होतात. काहींची घडण चालू असतानाच अख्खं न्यूक्लियस मागे पडतं. जे घडून झाले त्यांना धक्का बसला तर तो एका स्वतंत्र कणाला बसतो. जे अजून घडत आहेत त्यांच्या बाबतीत धक्का क्वार्कला बसला की ग्लुऑनला, हा प्रश्नच अजून पुरता लागू नसतो. दोन्ही शक्यतांचे आयाम (ॲम्प्लिट्यूड) एकमेकांत मिसळतात. माझं सगळं काम या मिसळण्याचा हिशेब ठेवण्याचं आहे.

लांदाउ आणि पोमेरांचुक यांनी १९५३ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी हेच दाखवलं होतं, मिगदालने १९५६ मध्ये त्याचं पूर्ण क्वांटम गणित केलं. घडणीचा काळ दोन धक्क्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा झाला की उत्सर्जन दबतं. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत हे मोजायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. क्वार्कच्या बाबतीत गाठ आणखी पक्की बसते, कारण फोटॉनला विद्युतभार नसतो पण ग्लुऑनला स्वतःचा रंगभार असतो. धक्का ग्लुऑनलाही बसतो, आणि क्वार्कपेक्षा जास्त बसतो.

१३ जानेवारी

मऊ मर्यादेतलं कोड लिहून झालं. धक्क्याचं वाटप नेहमीचं, पडद्याआडच्या कूलॉम विभवाचं: μ² भागिले π(ध² + μ²)². μ हे साधारण एका धक्क्याचं माप, μ² ०.१२ जीईव्ही² धरला; ग्लुऑनचा सरासरी मुक्त मार्ग, म्हणजे दोन धक्क्यांमधलं सरासरी अंतर, १ फर्मी. चाचणीपुरता धक्का क्वार्कच्या जन्मापासून बरोबर ५ फर्मीवर, एकाच ठिकाणी.

पहिल्याच धावेत आलेख खडबडीत. ध जिथे स च्या अगदी जवळ येतो तिथे टोचण्या दिसतात.

१४ जानेवारी

टोचण्यांचं कारण सापडलं. सूत्रात (१ − कोसाइन) भागिले (स − ध)² असा भाग आहे. ध आणि स जवळ आले की अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जातात, पण गणिताच्या दृष्टीने गुणोत्तर सरळ असतं. संगणकाच्या दृष्टीने नसतं. कोसाइनच्या आतला कोन ०.०००००००१ असेल तर डबल प्रिसिजनमध्ये कोसाइन नेमका १ येतो आणि १ − कोसाइन नेमकं शून्य. खरं उत्तर ५ गुणिले १० चा −१७ वा घात इतकं आहे, ते गोलाईत गिळलं जातं. कोन याहून थोडा मोठा असला तरी एक-दोनच अंक खरे उरतात, त्यामुळे आलेख थरथरतो.

१ − कोसाइन च्या जागी २ × साइन² (अर्धा कोन) लिहिलं. एका ओळीचा बदल, आलेख लोण्यासारखा झाला.

१५ जानेवारी

आलेख गुळगुळीत झाला आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट उघडी पडली. २ जीईव्हीच्या ग्लुऑनसाठी, स लहान असताना, द्रव्यामुळे होणारी दुरुस्ती ऋण येते. सीमा बदलल्या, जाळी बारीक केली, दुसरी समाकलन पद्धत वापरली. ऋणच.

१६ जानेवारी

दिवसभर चिन्हाच्या मागे. सूत्र तीन वेळा तपासलं. काही हाती लागलं नाही.

१७ जानेवारी

सकाळी मॅडमना आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "चूक कोडमध्ये शोधते आहेस. आधी कागदावर दाखव की ते धन असायला हवं." मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे तसं म्हणायला काहीच आधार नाही. द्रव्य आहे म्हणजे जास्त धक्के, जास्त धक्के म्हणजे जास्त उत्सर्जन, एवढीच माझी समजूत होती. ती कधी तपासलीच नव्हती.

दुपारी कागद घेतला. स शून्याकडे नेला, ध च्या दिशेवर सरासरी घेतली, एकदा खंडशः समाकलन केलं. उरलं ते इतकं सुटसुटीत आहे की इथे शब्दांत उतरवते. धक्क्याच्या वर्गाला व म्हणू. दुरुस्ती म्हणजे दोन गोष्टींच्या गुणाकाराचं समाकलन. पहिली (१ − कोसाइन(अ·व)) भागिले व. ती कधीच ऋण होत नाही. यातला अ म्हणजे धक्क्यापर्यंतचं अंतर भागिले ग्लुऑनच्या ऊर्जेची दुप्पट. दुसरी गोष्ट (μ² − व) भागिले (व + μ²)³. चिन्ह ठरवते ती ही दुसरी. μ पेक्षा लहान धक्के धन बाजूला ओढतात, मोठे धक्के ऋण बाजूला.

मग कोण जिंकतं ते घडणीच्या काळावर ठरतं. ग्लुऑन घडायला भरपूर वेळ घेत असेल, म्हणजे अ·μ² लहान असेल, तर पहिली गोष्ट व बरोबर वाढत जाते. लहान धक्के दबतात, मोठ्यांचं वजन राहतं, दुरुस्ती ऋण. ग्लुऑन पटकन घडत असेल तर पहिली गोष्ट सरासरीने १/व सारखी वागते, लहान धक्क्यांना जोर येतो आणि दुरुस्ती धन. अ·μ² १ असताना हातानेच आकडे घालून बेरीज केली: ऋण. २ असताना: धन. चिन्ह या दोहोंच्या मध्ये उलटतं. माझ्या ५ फर्मीसाठी ही दोन टोकं म्हणजे ग्लुऑनची ऊर्जा १.५२ आणि ०.७६ जीईव्ही.

संध्याकाळी कोड १.५ पासून ०.७ पर्यंत चालवलं. साधारण १ जीईव्हीपाशी रेघ शून्य ओलांडून वर आली.

१८ जानेवारी

कालचं मनातून जात नाही, म्हणून आणखी थोडं. आपण काढतो ती दुरुस्ती निर्वातातल्या फुटण्याच्या तुलनेत असते. क्वार्क जन्मतो तो मुळातच खळबळीत. ज्या जोरदार टकरीतून तो निघाला तिच्यामुळे त्याला ग्लुऑन सोडायचेच असतात, द्रव्य असो वा नसो. द्रव्य येऊन त्या घडत्या लहरीला बाजूला लोटतं. अक्षाजवळचे जे ग्लुऑन निर्वातात दिसले असते ते आता तिथे दिसत नाहीत, थोडे बाहेरच्या कोनात दिसतात. अक्षाजवळची तूट म्हणजे माझं ऋण चिन्ह. एकूण शक्यता मात्र ऋण होत नाही, कारण स शून्याकडे जाताना निर्वाताचं पद १/स² ने वाढत जातं आणि दुरुस्ती मर्यादितच राहते.

मोठ्या स कडे शेपूट १/स⁴ ने उतरते, वर एक लॉगरिदम. तेही कागदाशी जुळलं.

२२ जानेवारी

आता मोठा टप्पा, क्ष कितीही असलेला. सूत्रात चार सदिश येतात. शोधनिबंधात ते सरळ दिलेले असतात. ते का तसे आहेत हे मी आज काढून पाहिलं, आणि सगळे एकाच ओळीतून निघतात.

क्वार्क आणि ग्लुऑन यांचा आपसातला आडवा संवेग म्हणजे (१ − क्ष) × ग्लुऑनचा आडवा संवेग, वजा क्ष × क्वार्कचा. एवढंच धरायचं. शेवटी आपल्याला स मोजलेला मिळतो, प्रश्न असा की धक्क्याच्या आधी तो किती होता. धक्का बसलाच नसेल तर अ = स (हा अ नवा, १७ तारखेचा नव्हे). धक्का क्वार्कला बसला असेल तर आपसातला संवेग क्ष·ध ने कमी झाला, म्हणून आधी तो ब = स + क्ष·ध. ग्लुऑनला बसला असेल तर (१ − क्ष)·ध ने वाढला, म्हणून आधी क = स − (१ − क्ष)·ध. आणि एकाला ध, दुसऱ्याला उलटा ध असा दुहेरी प्रकार झाला असेल तर ड = स − ध.

क्ष शून्याकडे नेला की ब जाऊन अ ला मिळतो, क जाऊन ड ला. जड क्वार्क न हलता उभा आहे आणि हलका ग्लुऑन धक्के खातो आहे, हे मऊ मर्यादेचं चित्र आपोआप समोर येतं. कलेच्या (लहरींच्या फेजच्या) वजाबाक्या ब², क², अ², ड² भागिले २·क्ष(१ − क्ष)·ऊर्जा अशाच येतात.

मला हे फार आवडलं. चार गूढ अक्षरांच्या मागे नुसती भांड्यातल्या पाण्याची वाटणी निघाली.

२७ जानेवारी

पूर्ण कर्नल कोडमध्ये. क्ष ०.०१ घेऊन मऊ मर्यादेच्या जुन्या कोडशी ताडून पाहिलं, जुळलं. ग्लुऑनचे दोन ग्लुऑन होतात ते कर्नल क्ष आणि १ − क्ष यांच्या अदलाबदलीत बदलता कामा नये. ०.३ आणि ०.७ घेतले, जुळलं. आज लवकर घरी.

३० जानेवारी

गटातल्या ज्युनियरने सहज म्हणून प्रत्येक पद वेगळं छापून घेतलं. क्ष ०.५ च्या ओळीत दोन पदं सगळीकडे नेमकी शून्य. लहान नव्हे, शून्य. तो म्हणाला, "ताई, हे असं असतं का?"

असं नसतं. त्यातलं एक पद ब आणि क यांच्या दिशांच्या फरकावर चालतं, दुसरं ब² आणि क² यांच्या फरकावर. दोन्ही एकदम शून्य व्हायला ब आणि क एकच असले पाहिजेत. क्ष अर्धा असताना ब = स + ध/२ आणि क = स − ध/२. ते एक कसे होतील?

कोड उघडलं. मी ब = स − क्ष·ध लिहिलं होतं. वहीत अधिक, कोडमध्ये वजा.

हे इथे तपशिलाने लिहिते, कारण दोन चाचण्या पास होऊनही चूक तशीच होती. मऊ मर्यादेत क्ष·ध नाहीसा होतो, त्याचं चिन्ह काय हे त्या चाचणीला दिसणारच नाही. अदलाबदलीच्या चाचणीलाही नाही: खऱ्या सूत्रात क्ष ची अदलाबदल केली, सोबत स ची दिशा उलटली, की ब चा −क होतो. चुकीच्या सूत्रात दिशा न उलटताच ब चा क होतो. दोन्ही सममितच. फुटून झालेल्या दोघा कणांना समान वाटा मिळाला असताना एकाला धक्का दिला काय आणि दुसऱ्याला दिला काय, आपसातला संवेग उलट दिशांना बदलायला हवा. माझ्या कोडमध्ये तो एकाच दिशेला बदलत होता. ते पाहायला क्ष अर्ध्यावरच जावं लागलं.

चिन्ह सुधारलं. ०.५ च्या आसपासचा भाग बराच बदलला, टोकं जवळपास तशीच. ज्युनियरचं पद-पद छापण्याचं खातं आता कायमच्या चाचण्यांत घातलं आहे. तिसरी चाचणी म्हणून ब वजा क बरोबर ध आहे का हेही प्रत्येक धावेत तपासलं जातं.

३ फेब्रुवारी

धक्का एकाच ठिकाणी न ठेवता वाटभर पसरला. एकसारखं द्रव्य, लांबी ल. अंतरावरचं समाकलन हाताने होतं: ल वजा त × साइन(ल/त), जिथे त हा घडणीचा काळ. संगणकाचं तेवढं काम वाचलं. लांब घडणीत हे ल³/(६त²) इतकं उरतं. इथेही दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी आहे, म्हणून ल/त लहान असेल तेव्हा मालिकाच वापरायची. जानेवारीत एकदा ठेच लागली आहे.

मऊ भागाची ऊर्जाहानी ल बरोबर कशी वाढते ते पाहिलं. ल दुप्पट केल्यावर हानी चौपटीच्या थोडी खालीच राहते, कारण ल² च्या सोबत ल बरोबर घटणारा लॉगरिदम आहे. विटांच्या भिंतीतून जाणारी गोळी लांबीच्या प्रमाणात हळू होते. इथे वर्ग आहे, आणि तो वर्ग व्यतिकरणातूनच येतो.

७ फेब्रुवारी

ल म्हणून काय घालायचं यावर आज बसले. इलेक्ट्रॉनने न्यूक्लियसमधल्या क्वार्कला टोला दिला तर तो क्वार्क न्यूक्लियसमध्ये कुठेही जन्मू शकतो. घनता सगळीकडे सारखी असलेला गोल धरला तर बाहेर पडेपर्यंतची सरासरी वाट त्रिज्येच्या ३/४ भरते. शिशासाठी ५.३ फर्मी. आजवर मी तीच घालत आले.

पण परिणाम ल² किंवा ल³ ने जात असेल तर सरासरी लांबीचा वर्ग घेणं आणि वर्गांची सरासरी घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गोलासाठी दोन्ही हाताने निघतात. ल² ची सरासरी त्रिज्येच्या वर्गाच्या ०.८ पट, तर सरासरी ल चा वर्ग ०.५६२५ पट. फरक १.४२ पटींचा. ल³ ची सरासरी त्रिज्येच्या घनाच्या नेमकी एक पट निघते, आणि सरासरी ल चा घन ०.४२ पट. फरक २.३७ पटींचा.

अक्षाजवळची ती ऋण तूट ल³ च्या भागातच येते. सरासरी लांबी घालून मी ती निम्म्याहून कमी दाखवत होते. लांबीचं पूर्ण वाटप घालून सगळे आलेख पुन्हा काढायला लावले. न्यूक्लियसची कड धारदार नसते, हेही पुढच्या फेरीत.

१० फेब्रुवारी

जड क्वार्क. वस्तुमान आलं की चारही वर्गांत क्ष²·वस्तुमान² मिळवायचं, बाकी रचना तीच, शिवाय वस्तुमानाच्या वर्गाची काही नवी पदं. वस्तुमान भागिले ऊर्जा इतक्या कोनाच्या आत जड क्वार्क जवळपास ग्लुऑन सोडत नाही, त्याला मृत शंकू म्हणतात. २० जीईव्हीच्या चार्म क्वार्कसाठी हा कोन सुमारे ०.०६५ रेडियन, पावणेचार अंश. एलएचसी या युरोपातल्या कोलायडरवरच्या ॲलिस प्रयोगाने २०२२ मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत तो सरळ पाहिला.

पहिला आलेख निघाला. बॉटम या आणखी जड क्वार्कवर सध्या वेळ घालवत नाही.

१४ फेब्रुवारी

गटाच्या बैठकीत विचारलं गेलं की थंड न्यूक्लियसवर एवढा वेळ का, सगळं जग तप्त प्लाझ्माकडे, म्हणजे जड न्यूक्लियसांच्या टकरीत क्वार्क-ग्लुऑन मोकळे होऊन बनणाऱ्या द्रव्याकडे, बघत असताना. माझं उत्तर इथे नीट लिहून ठेवते, बैठकीत ते तुटक झालं.

व्योर्केनने १९८२ मध्ये प्लाझ्मात क्वार्कची ऊर्जा घटेल असं सुचवलं तेव्हा त्याने फक्त आपटण्याचा हिशेब केला होता, उत्सर्जनाचा नव्हे. अमेरिकेतला ऱ्हिक हा जड न्यूक्लियसांचा कोलायडर २००० मध्ये सुरू झाला आणि सोन्याच्या मध्यवर्ती टकरींत जास्त आडव्या संवेगाचे पायॉन (क्वार्कांपासून बनलेले हलके कण) अपेक्षेच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आले. ही घट मुळात सोन्याच्या न्यूक्लियसमुळेच नसेल कशावरून? ते ठरवायला २००३ मध्ये ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) आणि सोनं यांची टक्कर घ्यावी लागली. तिथे थंड न्यूक्लियस होतं, तप्त द्रव्य नव्हतं, आणि घट दिसली नाही. म्हणजे थंड न्यूक्लियस हाच त्या शोधाचा काटा होता.

तप्त द्रव्यात काय मोजलं जातं हेही थंड द्रव्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. क्वार्कला प्रति फर्मी मिळणाऱ्या धक्क्यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे क्यू-हॅट, जेट कोलॅबोरेशन या संशोधक गटाने १० जीईव्हीच्या क्वार्कसाठी काढली: ऱ्हिकच्या सर्वाधिक तापमानाला सुमारे १.२, एलएचसीच्या सुमारे १.९ जीईव्ही² प्रति फर्मी. माझ्या थंड द्रव्यात ग्लुऑनसाठी μ² भागिले मुक्त मार्ग केलं तर ०.१२ येतं, वर लॉगरिदम, आणि क्वार्कसाठी त्याला ४/९ ने गुणायचं. कितीतरी पट विरळ. पण थंड न्यूक्लियस पसरत नाही, थंड होत नाही, त्याचा आकार माहीत आहे, आत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा आणि बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉनचा संवेग मोजला की क्वार्कला किती ऊर्जा मिळाली ते कळतं. फुटण्याचं गणित खरं आहे का हे तपासायला याहून निवांत जागा मला तरी दिसत नाही.

१९ फेब्रुवारी

एकटं कर्नल मोजता येत नाही, मोजले जातात हेड्रॉन, म्हणजे क्वार्कांपासून बनलेले पायॉनसारखे कण. म्हणून कर्नल उत्क्रांतीच्या, म्हणजे एकामागून एक फुटण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या, समीकरणांत घालायचं. यात क्ष ची टोकं त्रास देतात. निर्वातात जसं तिथे डेल्टा पद, म्हणजे फक्त टोकावरच असलेलं पद, येतं तसंच द्रव्याच्या दुरुस्तीतही यावं लागतं, आणि त्याचं मूल्य स्वतंत्रपणे मोजावं लागत नाही. क्वार्कांची निव्वळ संख्या बदलू नये आणि संवेगाची बेरीज बदलू नये या दोन अटींतून ते ठरतं.

अटी पाळल्या जातात का ते पाहिलं. संवेगाची बेरीज दहाव्या दशांशापर्यंत जुळते.

२४ फेब्रुवारी

हर्मिस प्रयोगाच्या मोजमापांशी तुलना. जर्मनीतल्या हेरा वेगकारकाची २७.६ जीईव्हीची पॉझिट्रॉन शलाका, लक्ष्य म्हणून हीलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. जड न्यूक्लियसमध्ये हेड्रॉन कमी, आणि हेड्रॉनने क्वार्कच्या ऊर्जेचा जितका मोठा वाटा नेलेला तितकी तूट जास्त. माझ्या गणितातूनही कल तसाच निघतो.

यावर लगेच खूश व्हायचं नाही असं मी ठरवलं आहे. या ऊर्जेला हेड्रॉन न्यूक्लियसच्या आतच घडायला लागला असेल आणि तो अर्धवट हेड्रॉन शोषला गेला असेल, तरी तूट अशीच दिसते. दोन्ही स्पष्टीकरणांत एकाच आलेखाला बसण्याइतकी मोकळीक आहे. कल जुळणं हा पुरावा म्हणून मी मांडणार नाही.

कोनाचं वाटप मात्र दोघांना वेगळं करू शकेल. शोषण झालं तर जेटमधले, म्हणजे एका क्वार्कपासून निघालेल्या कणांच्या झोतातले, कण कमी होतील, पण उरलेल्यांच्या कोनांत अक्षाजवळ तूट आणि बाहेर भर अशी खूण उमटायचं कारण नाही. माझ्या कर्नलमध्ये ती खूण जानेवारीपासून समोर आहे, आणि ती ग्लुऑनच्या ऊर्जेबरोबर चिन्ह बदलते. त्यासाठी जेटच्या आत पाहता येईल इतकी ऊर्जा आणि नेमकेपणा हवा. ब्रुकहेवनला उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरकडून मला हवं आहे ते हेच मोजमाप.

२७ फेब्रुवारी

दुसरा क्रम. मुक्त मार्ग १ फर्मी आणि वाट ५.३ फर्मी, मग एकच धक्का धरून भागेल का, हा प्रश्न सुरुवातीपासून डोक्यात आहे. एकूण ऊर्जाहानीत पहिल्या क्रमाचाच वाटा मोठा असतो हे मऊ ग्लुऑनसाठी २००० च्या सुमारास ग्यूलाशी, लेवाई आणि वितेव यांनी दाखवलं. माझी खूण कोनांच्या वाटपात आहे, बेरजेत नाही, म्हणून तो दिलासा मला लागू पडत नाही. सीव्हर्ट आणि वितेव यांनी २०१८ मध्ये पुनरावृत्तीचं सूत्र दिलं, ज्याने एका क्रमावरून पुढच्या क्रमावर जाता येतं. तिथे चार सदिशांच्या जागी दोन धक्क्यांच्या सगळ्या जोड्या येतात. त्याही २२ जानेवारीच्या त्या एका ओळीतूनच निघतात हे दोन जोड्यांसाठी करून पाहिलं.

३ मार्च

दुसऱ्या क्रमाच्या जोड्या वहीत पूर्ण. ज्युनियरने स्वतंत्रपणे काढल्या, मी स्वतंत्रपणे, मग ताडून पाहिल्या. एका जोडीत चिन्ह वेगळं निघालं. या वेळी चूक त्याची होती, पण शोधली त्यानेच.

५ मार्च

रात्रीची धाव लावली: २० जीईव्ही, शिसं, लांबीचं पूर्ण वाटप, क्ष ०.०५ पासून ०.९५ पर्यंत, दोन्ही क्रम. पहिला आलेख स लहान असतानाचा मागितला आहे, ग्लुऑनची ऊर्जा १ जीईव्ही. दुसरा क्रम धरल्यावर शून्य ओलांडण्याची जागा किती सरकते ते उद्या सकाळी दिसेल.